रेव्हरंड टिळकांचे अरण्य

आजचे वाचन : मत्तय ४:१–११



या आठवड्यात आपण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहोत. यार्देनेत बाप्तिस्मा झाला, आकाशातून पित्याची साक्ष मिळाली, आणि लगेच आत्मा येशूला अरण्यात नेतो. चाळीस दिवसांचा उपास. मग सैतान येतो आणि धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. प्रभू त्याच्याशी वाद घालत बसत नाही, चमत्कारही करत नाही. तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातलं वचन उच्चारतो आणि त्यावर उभा राहतो.

हा उतारा युथ मीटिंगमध्ये घेतला की एक प्रश्न हमखास येतो. तो देवाचा पुत्र होता, त्याला जमलं, आमचं काय? आम्हाला तर सकाळच्या स्टँडअप कॉलच्या आधी बायबल उघडायलाही होत नाही. प्रश्न खरा आहे, त्याला झटकून टाकू नये. म्हणून आज एका माणसाचं आयुष्य सांगतो. स्वभावाने तापट. हातात पैसा आला की तो टिकायचा नाही. एका नोकरीत किंवा एका गावात फार दिवस मन रमायचं नाही. म्हणजे चर्चच्या भिंतीवर फोटो लावावा असा घोटीव संत नव्हेच. तरी त्याच्या समोर आलेल्या काही धोंड्यांच्या त्याने भाकरी केल्या नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आमच्या फैजपुरात टिळक म्हटलं की लोकांना दुसरे टिळक आठवतात, आणि त्यात चूक काही नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन आमच्या गावी भरलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू-कामट्यांतून मंडप आणि दरवाजे सजवले होते, आणि त्या सगळ्या नगराला नाव दिलं होतं टिळकनगर. लोकमान्यांच्या नावाने. शाळेत आम्हाला हे पाठ होतं. पण घरी आजी चुलीपाशी ज्या टिळकांची भजनं गुणगुणायची ते हे दुसरे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी उपासना संगीतातली कितीतरी गीतं तिला चालीसकट मुखोद्गत होती. त्यातली टिळकांची कोणती आणि बाकीच्यांची कोणती हे तिला माहीत नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. मला मात्र पुण्यात नोकरीला आल्यावर, बऱ्याच उशिरा, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचताना कळलं की ज्या माणसाची गीतं आपण दर रविवारी म्हणतो त्याचं आयुष्य काय होतं.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा. रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. वडील कडक. आईवर मुलाचा फार जीव, आणि ती तो अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेली. त्यानंतर मुलगा घरात रमला नाही. नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, मग थोडं इंग्रजी शाळेत, आणि तेही अर्धवट सुटलं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. बायको अकरा वर्षांची, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

यानंतरची बारा-पंधरा वर्षं म्हणजे नुसती भटकंती. कुठे मास्तर, कुठे प्रवचनकार, कुठे छापखान्यात खिळे जुळवणारा. आजच्या भाषेत ज्याच्या रेझ्युमेवर एचआरवाले भुवया उंचावतील असा माणूस. बाई बिचाऱ्या कधी त्यांच्याबरोबर, बऱ्याचदा माहेरी किंवा बहिणीकडे. पण कविता जबरदस्त, संस्कृतवर पकड, आणि बोलायला लागले की ऐकणारे हलायचे नाहीत. १८९१ मध्ये नागपुरात काम मिळालं, संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं. नाशिकहून नागपूरला जायचं तर रेल्वे भुसावळवरूनच. म्हणजे आमच्या पंचक्रोशीतून ही व्यक्ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत गेली असणार, हा विचार मला उगीच सुखावतो.

नागपूरला असताना त्यांच्या डोक्यात धर्माविषयी मोठं मंथन चाललं होतं. जातिभेद मनातून उतरला होता. देशाचं भलं व्हायचं तर नवा धर्म हवा, असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांनी त्याची तत्त्वं चक्क मांडून ठेवली. आम्ही इंजिनिअर लोक याला रिक्वायरमेंट लिहिणं म्हणतो. देव एकच, आणि तो सगळ्या माणसांवर लेकरांसारखी माया करतो. पूर्वजन्म-पुनर्जन्म नाही. देवावर भक्ती आणि माणसांत बंधुभाव हे सगळ्या धर्मांचं सार. आणि एक कलम फार महत्त्वाचं, आजच्या वाचनासाठी तर सर्वांत महत्त्वाचं : जगातली सगळी शास्त्रं माणसांनीच लिहिलेली आहेत, देवाचं पुस्तक एकच, ते म्हणजे ही सृष्टी.

हे लक्षात ठेवा. देवाच्या वचनासाठी पुढे ज्याने घर, जात, नोकरी पणाला लावली, तो आधी कोणत्याच ग्रंथाला देवाचं वचन मानत नव्हता. शंका घेणं त्याला चांगलं ठाऊक होतं. तुमच्यातल्या ज्यांना विश्वास ठेवणं म्हणजे डोकं बाजूला काढून ठेवणं वाटतं, त्यांनी हा माणूस जरा नीट बघावा.

१८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले, फ्री मेथॉडिस्ट मंडळीचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. बोलणं सुरू झालं ते काव्यावरून. त्या काळी गोरा साहेब म्हटलं की लोक जरा बिचकूनच असत, पण हा माणूस आदराने वागला, मोकळेपणाने बोलला, आणि उतरायच्या आधी त्याने एक पुस्तक हातात ठेवलं. नवा करार. तो वाचा, असा शब्द घेतला, आणि दोनेक वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते त्या क्षणी धाडसाचंच वाटलं असणार.

शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनाशी, अडकले. तिथून पुढे जाववेना. ज्या प्रश्नांची उत्तरं हिंदू तत्त्वज्ञानाच्या एवढ्या वाचनातून त्यांना मिळाली नव्हती, ती तिथे प्रेमाच्या आणि दयेच्या शब्दांत समोर आली. त्यांनी लिहिलेल्या तत्त्वांपैकी ग्रंथांविषयीचं ते कलम अशा रीतीने गळून पडलं. कुणी वादात हरवलं नाही. पुस्तक वाचता वाचताच झालं ते.

आता इथून मोहाची गोष्ट सुरू होते, आणि पहिला मोह अगदी आपल्या ओळखीचा आहे. गप्प राहण्याचा.

मनातून विश्वास ठेवायचा आणि बाहेर काही दाखवायचं नाही. टिळकांनी काही काळ हे केलंसुद्धा. ख्रिस्ती नियतकालिकाशी टोपणनावाने पत्रव्यवहार चालला होता. नाव कळलं असतं तर काय झालं असतं हे त्यांना पुरतं माहीत होतं. १८९३-९४ च्या महाराष्ट्रात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे त्याच्या घरच्यांनी तो मेला असं समजण्याची वेळ. भाड्याने घर मिळेना, विहिरीवर पाणी मिळेना, पंगतीला जागा नाही, पोराची मुंज कोण करणार, बायकोला माहेरचे घेतील की नाही. आपल्याला आज ऑफिसमध्ये जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करताना शेजारचा काय म्हणेल याची धास्ती वाटते. दोन्हींची तुलना करणंही लाजिरवाणं आहे, पण जात तीच आहे भीतीची.

गप्प राहिले असते तर चाललं असतं का? हो, छान चाललं असतं. विद्वान म्हणून मान होता, कवी म्हणून नाव होत होतं. मनातल्या मनात येशू, बाहेर शास्त्रीबुवा. भूक लागलेली आहे, धोंडा समोर आहे, भाकरी करून खा, कुणाला कळणारही नाही. सैतानाच्या पहिल्या सूचनेत वरकरणी वाईट काय आहे, सांगा ना? भाकरी खाणं पाप नाही. पोट भरणं पाप नाही. म्हणून तर तो मोह आहे. चोरी कर म्हटलं असतं तर आपण ओळखलं असतं.

पुढे कुणकुण लागलीच. काम गेलं, मित्र दुरावले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. गाडीतल्या त्या भेटीला दोन वर्षं होत आली होती.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण आपण भक्तीच्या भरात हे भाग झाकून ठेवतो. लक्ष्मीबाईंना बरोबर घेऊन, त्यांना विश्वासात घेऊन टिळकांनी हे पाऊल टाकलं नाही. बातमी त्या माऊलीवर येऊन आदळली. पदरात लहानगा दत्तू, अंगावर समाजाचे डोळे, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. स्मृतिचित्रे वाचा, त्या दिवसांची पानं वाचताना घसा दाटून येतो, आणि त्यातच मधेमधे बाई असं काही मिश्कील लिहून जातात की हसूही येतं. टिळक देवाशी प्रामाणिक राहिले, पण बायकोशी त्यांनी आधी बोलायला हवं होतं, असं माझं मत आहे. देवाचं ऐकणं आणि घरच्यांना अंधारात ठेवणं या दोन गोष्टी एकाच माणसाकडून एकाच आठवड्यात होऊ शकतात. पवित्र शास्त्रातल्या अब्राहामाचं घर बघितलं तरी हे दिसतं.

पुढची जवळजवळ पाच वर्षं टिळकांचं अरण्य. ते अहमदनगरला, लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, पंढरपूरला बहिणीकडे. चाळीस दिवस नव्हे, पाच वर्षं. नगरला मिशनच्या कामात शिकवणं, लिहिणं चालू होतं, पण घरी परतल्यावर घर रिकामं. पत्रं जायची. बायको येईल अशी आशा, मग ती येत नाही असं कळायचं, मग पुन्हा पत्र.

या पाच वर्षांत दोन रस्ते सरळ उघडे होते आणि दोन्ही सोपे होते.

एक परत जाण्याचा. बाप्तिस्मा विसरायचा, घरच्यांच्या पाया पडायचं, प्रायश्चित्त घ्यायचं, बायको-मुलाला कुशीत घ्यायचं. तुम्ही कधी तीन महिने ऑनसाइट राहिला असाल तर रात्री व्हिडिओ कॉल बंद झाल्यावर खोलीत जी शांतता पसरते ती तुम्हाला माहीत असेल. तिला पाच वर्षांनी गुणा, आणि व्हिडिओ कॉल काढून टाका.

दुसरा रस्ता कायद्याचा होता, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १८६६ सालापासून आपल्याकडे धर्मांतरितांच्या विवाहाविषयी कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणाने सहा महिने सोबत राहायला तयार नसेल, तर त्याला कोर्टात दावा लावता येई. जोडीदार नकारावर ठाम राहिला तर वर्षभराच्या मुदतीनंतर कोर्ट विवाह रद्द करू शके आणि माणूस दुसरं लग्न करायला मोकळा होई. आणि कोर्टामार्फत बायकोला नांदायला आणण्याचा दावा काय असतो हेही मुंबई इलाख्यात रखमाबाईंच्या खटल्याने दहा वर्षांआधी सगळ्यांना कळलंच होतं. म्हणजे टिळकांच्या हातात कायदा होता. तारुण्य होतं, तिशीच अजून. पांढरपेशा ख्रिस्ती समाजात त्यांना मुलगी मिळाली नसती असं नाही.

त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ना परत गेले, ना कोर्टात गेले. वाट बघितली.

मी मत्तय चार पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा मला तिसरा मोह सर्वांत अवघड वाटतो. सगळी राज्यं देतो, फक्त एकदा वाक. गंमत अशी की ती राज्यं येशूची होणारच होती. सैतान त्याला परकं काही देत नव्हता, त्याचंच त्याला देत होता, फक्त लवकर, आणि वधस्तंभाशिवाय. टिळकांची बायको टिळकांचीच होती. ती मिळवायला जबरदस्तीचा, कायद्याचा किंवा माघारीचा असे तिन्ही शॉर्टकट उपलब्ध होते. त्यांनी तिला तिच्या वेळेने येऊ दिलं. त्यांच्या तापट स्वभावाचं वर्णन ज्यांनी वाचलं आहे त्यांना कळेल की हा संयम त्यांचा जन्मजात नव्हता. तो कुठून तरी येत होता.

आणि त्या आल्या. नगरला टिळकांकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, विटाळाचे नियम जसेच्या तसे. एकाच छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको. टिळकांनी ते चालू दिलं. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचारांचं चाक फिरलं. जाती देवाने केल्या की माणसांनी? प्राण्यांत जाती आहेत म्हणावं तर माणूस हीच एक जात दिसते. हे त्यांनी स्वतःचं स्वतः, कुणाच्या व्याख्यानाशिवाय, विचार करून ठरवलं आणि सोवळं सोडलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना मराठीतलं सर्वांत मोकळं, सर्वांत प्रामाणिक आत्मचरित्र कोणतं असा प्रश्न पडतो त्यांनी हे लक्षात घ्यावं की ते लिहिणारी बाई कोर्टाच्या हुकुमाने नांदायला आलेली असती तर ते पुस्तक असं झालं नसतं.

मधली वर्षं मी भरभर सांगतो. १९०४ मध्ये टिळकांची पाळक म्हणून दीक्षा झाली. शंभराहून जास्त उपासना-गीतं लिहिली, अभंग-ओवीच्या वळणाची, ज्यामुळे मराठी मंडळीला पहिल्यांदा वाटलं की आपण आपल्याच तोंडाने गातोय. १९१२ पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग सांभाळला. फुलांवर, मुलांवर कविता लिहिल्या, त्या तर शाळेच्या पुस्तकांत गेल्या. तुकोबा त्यांच्या फार जवळचे. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मानत. घरात मात्र पगार झाला की चार दिवसांत संपायचा, कारण कुणी मागितलं की द्यायचं, आणि कुणी नाही मागितलं तरी घरी आणून जेवू घालायचं. प्लेगच्या दिवसांत दोघांनी रोग्यांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतलं. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या या दातृत्वाचं कौतुकही करतात आणि डोक्याला हातही लावतात.

आता १९१७ कडे येतो. टिळकांचं वय पंचावन्न. बावीस वर्षं मिशनच्या आसऱ्याने गेली. पगार फार मोठा नव्हे, पण महिन्याच्या महिन्याला येणारा. आणि याच वेळी त्यांच्या मनाने घेतलं की हा पगार सोडायचा. ख्रिस्ती संन्यासी व्हायचं.

कारण काय? मिशनवर रुसवा होता असं सरळ म्हणता येणार नाही, गोऱ्या सहकाऱ्यांत त्यांचे जिवाभावाचे लोक होते. त्यांना खटकत होतं ते वेगळं. ख्रिस्ताविषयी बोलणारा मराठी माणूस हा साहेबाचा पगारी नोकर आहे, अशी लोकांची समजूत. येशू या देशात परक्याच्या कपड्यात का फिरतो आहे, हे त्यांचं आयुष्यभराचं दुखणं. प्रभूने आपल्याला नव्या कामाला बोलावलं आहे असा त्यांना ठाम अनुभव आला, आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू मानणारे, अशा सगळ्यांचं एक कुटुंब. त्या काळच्या कोणत्याच मंडळीच्या चौकटीत ही कल्पना बसत नव्हती, आजही फारशी बसत नाही.

हा भाग तुम्हाला सांगताना मी जरा सावध आहे. कारण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या टीम लीडला राजीनाम्याचा मेल टाकेल आणि मला म्हणेल, भाऊ, तुम्हीच तर टिळकांचं सांगितलंत. थांबा. आजच्याच वाचनात दुसरा मोह आहे. मंदिराच्या शिरोभागी नेऊन सैतान म्हणतो, मार उडी, देवदूत झेलतील. आणि पुरावा म्हणून तो स्तोत्र ९१ देतो! सैतानाला वचनं पाठ आहेत, आणि तो ती जागच्या जागी काढून देतो. नोकरी सोडणं ही विश्वासाची उडी आहे की शिरोभागावरून मारलेली उडी, हे बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं.

टिळकांच्या बाबतीतही तेव्हा लोकांना शंका आली असणार, आणि शंका घेणाऱ्यांकडेही वचन होतं. १ तीमथ्य ५:८ काढा. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौल किती कडक बोलतो ते बघा. तेच वचन टिळकांपुढे धरलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? घरात बायको, मुलं, पोसलेली पोरं, येणारे-जाणारे, आणि उद्यापासून ठरलेलं उत्पन्न नाही. लक्ष्मीबाईंना काळजी वाटली ती अविश्वासाने नव्हे, किराणा त्यांना भरायचा होता.

मग फरक कसा ओळखायचा? मी यावर बराच विचार केला आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याही समोर एक ऑफर आली होती, पगार जवळजवळ दीडपट, काम असं की जे रविवारी मंडळीत कुणाला सांगताना मी अडखळलो असतो. हप्ते चालू होते, घरी फैजपूरला बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी ती घेतली नाही, आणि त्यासाठी कुणी माझी पाठ थोपटावी असं त्यात काही नाही, कारण आधीची नोकरी होतीच. टिळकांकडे ती नव्हती. पण त्या आठवड्यात मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार उपयोगी पडली. १८९५ मध्ये त्यांनी भीती असूनही पाऊल उचललं, पुढची पाच वर्षं ओढ असूनही उचललं नाही, आणि १९१७ मध्ये पुन्हा उचललं. एकदा पुढे जाणं, एकदा थांबणं, एकदा पुन्हा पुढे. जर ते नुसते उतावळे असते तर मधली पाच वर्षं त्यांना निभावलीच नसती. तिन्ही वेळा सोपं काय होतं ते बघा, आणि तिन्ही वेळा त्यांनी ते केलं नाही. शिरोभागावरून उडी मारायला सांगणाऱ्याला गर्दी हवी असते, खाली माणसं जमलेली, वर तोंडं करून बघणारी. टिळकांच्या १९१७ च्या उडीखाली गर्दी नव्हती. मिळवायचं काही नव्हतं, मिळालेलं सोडायचं होतं.

तरीही मी खात्रीने काही म्हणत नाही. देवाचा दरबार बहरला आणि टिळक बरोबर ठरले, असा शेवट मला तुम्हाला देता येत नाही. दरबार रुजायला वेळच मिळाला नाही. प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. राजीनाम्यानंतर जेमतेम पावणेदोन वर्षांनी. ज्या कामासाठी पगार सोडला ते काम अर्धवट. ज्या महाकाव्यात येशूचं सगळं चरित्र मराठीत गायचं ठरवलं होतं ते ख्रिस्तायनही अर्धवट, दहा-अकरा अध्याय कसेबसे झालेले.

अरण्याच्या शेवटी देवदूत येऊन येशूची सेवा करू लागले, असं मत्तय सांगतो. टिळकांच्या वेळी देवदूत आले असतील तर ते त्यांच्या मृत्यूनंतर आले, आणि नऊवारीत आले. शाळेत धड गेलेली नसलेली, अक्षरओळखही नवऱ्याकडून लग्नानंतर झालेली लक्ष्मीबाई ख्रिस्तायन पुढे लिहायला बसली. पाच वर्षं जिने या धर्मापायी रडून काढली तिनेच त्या धर्माच्या प्रभूचं चरित्र साठाहून अधिक अध्याय लिहून पुरं करत आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, पगारही कुणी देत नव्हतं. मधल्या काळात स्मृतिचित्रे लिहून झाली, १९३४ पासून छापूनही येऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी आमच्या गावात त्या दुसऱ्या टिळकांच्या नावाचं नगर उभं राहिलं. ख्रिस्तायन छापून हातात आलं ते त्यानंतर, १९३८ मध्ये.

आजीच्या ट्रंकेत उपासना संगीताची एक प्रत होती, पुठ्ठा सुटलेली, हळदीचे डाग पडलेली. वाचता येत नसताना ती कशाला बाळगते, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती की तुला येतं ना, तू वाच, मी गाते. आता ती प्रत माझ्याकडे पुण्यात आहे.

उद्या मत्तय ४:१२ पासून अध्यायाच्या शेवटापर्यंत वाचून या. परवा पाचवा अध्याय सुरू करू. टिळक जिथे अडकले होते तिथे आपणही दोन-तीन दिवस थांबणार आहोत, घाई नाही.